एचएमबी

एचएमबी म्हणजे बीटा-हायड्रॉक्सी-बीटा-मिथाइलब्युटिरेट. ल्युसीन या ॲमिनो अम्लाच्या विघटनातून ते शरीरातच तयार होते, पण फार थोडे. ल्युसीनपैकी जेमतेम ५ टक्के भाग या वाटेने जातो. स्नायूंवरचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगांत रोज साधारण ३ ग्रॅम देतात. तेवढे शरीरात तयार व्हायला ६० ग्रॅम ल्युसीन, म्हणजे गाईचे १८-२० लिटर दूध लागेल. म्हणून ते पूरक म्हणून, बहुधा कॅल्शियम क्षाराच्या रूपात घेतात.

सवय नसताना एका दमात शंभर बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. अशा वेळी स्नायुतंतूंना बारीक इजा झालेली असते आणि क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते. ही झीज एचएमबीने कमी होते का, हा खरा प्रश्न. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे स्टीव्हन निसेन यांनी १९९६ साली व्यायामाला नवख्या ४१ पुरुषांवर तीन आठवडे प्रयोग केला. एचएमबी घेणाऱ्यांत स्नायूंच्या झिजेच्या खुणा कमी दिसल्या आणि ताकद अधिक वाढली. एचएमबीने स्नायूंतील प्रथिनांची निर्मिती वाढते व विघटन घटते, हे २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी थेट मोजून दाखवले. मात्र ते मोजमाप काही तासांपुरते होते, महिन्यांचे नव्हे.

मुरलेल्या व्यायामपटूंत चित्र बदलते. २०१४ च्या एका अभ्यासात एचएमबी घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन बारा आठवड्यांत ७.४ किलो वाढल्याचे सांगितले गेले. नुसते औषधासारखे दिसणारे, पण निष्क्रिय पूरक घेणाऱ्यांत २.१ किलो. स्टेरॉइडशिवाय इतकी वाढ पटण्याजोगी नाही, असा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनी घेतला. त्या अभ्यासाला एचएमबीच्या व्यवसायातील कंपनीचा पैसा होता, हेही विसरून चालणार नाही. नंतरच्या स्वतंत्र प्रयोगांत हा चमत्कार पुन्हा दिसला नाही. रोज पुरेसे प्रथिन खाणाऱ्या, वर्षानुवर्षे तालमीत घाम गाळणाऱ्या माणसाला हा खर्च करायला सांगण्याइतका पुरावा नाही.

खरी आशा वेगळ्याच ठिकाणी आहे. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. एचएमबीविना राहिलेल्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी उतरले. ते घेणाऱ्यांचे जवळजवळ टिकले.