व्हॉलंटिअर आणि मिलिशिया: आयरिश उमरावांची दोन वेगळी दले

अठराव्या शतकाच्या अखेरच्या आयर्लंडविषयी वाचताना अनेक जमीनदार राजकारण्यांच्या नावाआधी ‘कर्नल’ असे लावलेले आढळते. तो कर्नल व्हॉलंटिअर दलाचा, म्हणजे लोकांनी स्वतःहून उभारलेल्या दलाचा होता, की मिलिशियाचा, म्हणजे सरकारने उभारलेल्या स्थानिक दलाचा, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. दोन्ही दले स्थानिक होती, दोन्हींचे अधिकारी उमराव घराण्यांतले होते आणि परचक्राच्या भीतीने दोन्हींना निमित्त पुरवले होते, त्यामुळे गल्लत होणे साहजिक आहे. तरीही त्या माणसाचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर हा भेद टाळून चालत नाही.

व्हॉलंटिअर दले १७७८ मध्ये उभी राहिली. ब्रिटनचे सैन्य अमेरिकेतील युद्धात गुंतले होते, फ्रान्स त्या युद्धात उतरला होता आणि मिलिशियाचा कायदा होऊनही ती उभारायला डब्लिनच्या सरकारकडे पैसा नव्हता. तेव्हा लोकांनी स्वखर्चाने गणवेश शिवले, शस्त्रे घेतली आणि आपले अधिकारी आपणच निवडले. या अधिकाऱ्यांना राजाची सनद नव्हती. सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे, कारण ज्याला सरकारने नेमले नाही त्याला सरकार काढूही शकत नव्हते. दलातील बहुसंख्य प्रोटेस्टंट होते. कॅथलिकांना शस्त्र बाळगण्यास कायद्याने मनाई होती. १७७९ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या कॉलेज ग्रीनवर त्यांनी तोफांसह संचलन करून खुल्या व्यापाराची मागणी केली. १५ फेब्रुवारी १७८२ रोजी डंगॅनन येथे उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील १४३ तुकड्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्याच वर्षी आयरिश संसदेला कायदे करण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्यांचे सरसेनापती होते चार्लमाँटचे अर्ल जेम्स कॉलफील्ड: कलासक्त, सुसंस्कृत, पण कॅथलिकांना मताधिकार देण्यास प्रतिकूल.

मिलिशिया १७९३ ची. क्रांतिकारी फ्रान्सशी युद्ध सुरू झाले होते आणि सरकारला आता हुकमी सैन्य हवे होते. त्या वर्षी मार्चमध्ये उत्तरेतील व्हॉलंटिअरांच्या सशस्त्र मेळाव्यांवर बंदी आली आणि पाठोपाठ मिलिशियाचा नवा कायदा झाला. हा क्रम मला फार बोलका वाटतो. नव्या दलाच्या ३८ पलटणी होत्या, सैनिक चिठ्ठ्या टाकून निवडायचे ठरले होते आणि वेतन सरकार देणार होते. आपल्याला परदेशी पाठवतील या धास्तीने गावोगाव दंगे उसळले आणि त्यांत दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली. पुढे सैनिकांत बहुसंख्य कॅथलिक आणि अधिकाऱ्यांत बहुतेक प्रोटेस्टंट अशी रचना झाली. पलटण सहसा आपल्या परगण्याबाहेर ठेवली जाई, जेणेकरून सैनिकांना आपल्याच शेजाऱ्यांवर बंदुका रोखाव्या लागू नयेत. (१७९६ मध्ये उभारलेली योमनरी हे तिसरेच दल, तिची गल्लत या दोहोंशी करू नये.)

हा बदल एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचा तर रॉबर्ट स्ट्युअर्ट, म्हणजे पुढचा व्हायकाउंट कॅसलरे, याच्याइतके चांगले उदाहरण नाही. १७६९ मध्ये डब्लिनला जन्मलेला हा तरुण १७९० मध्ये सुधारणावादी उमेदवार म्हणून, प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मतदारांच्या पाठिंब्यावर, डाउन परगण्यातून आयरिश संसदेत गेला. त्या निवडणुकीत त्याच्या वडिलांनी पाण्यासारखा पैसा ओतला. १७९३ मध्ये तो लंडनडेरी मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल झाला. सप्टेंबर १७९६ मध्ये सॅम्युअल नीलसन, थॉमस रसेल आदी ‘युनायटेड आयरिशमेन’ना (ब्रिटिश सत्ता झुगारून प्रजासत्ताक आणू पाहणाऱ्या संघटनेच्या सदस्यांना) बेलफास्टमध्ये पकडले गेले, त्या धरपकडीत त्याने स्वतः भाग घेतला. एकेकाळी ज्या सुधारणावादी उत्तरेने त्याला निवडून दिले होते, तिच्याच पुढाऱ्यांवर ही कारवाई होती. त्याला संधिसाधू म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अपुरे वाटते, कारण फ्रान्समधील रक्तपातानंतर लोकांच्या हाती शस्त्रे ठेवण्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. मात्र त्याची किंमत त्याच्या जुन्या पाठीराख्यांना मोजावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

युनायटेड आयरिशमेनच्या १७९८ च्या उठावात मिलिशिया सरकारच्या बाजूने लढली. तेव्हा कॅसलरे डब्लिन कासलमध्ये, म्हणजे आयर्लंडमधील ब्रिटिश प्रशासनाच्या केंद्रात, मुख्य सचिवाचे काम पाहत होता. त्यानंतर ब्रिटनशी विलीनीकरणाचा कायदा संमत करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. चार्लमाँट ऑगस्ट १७९९ मध्ये वारले. तोपर्यंत ते या विलीनीकरणाच्या विरोधात ठाम होते. १ जानेवारी १८०१ पासून, व्हॉलंटिअरांच्या दबावाने १७८२ मध्ये स्वतंत्र झालेली ती संसद अस्तित्वात राहिली नाही.