नाव लिहिलंत, पण क्लास दिलात का?

स्लाइड स्कॅनिंग आणि पेशीमोजणीसाठी येणाऱ्या डॉक्टरांसाठी व पीजी विद्यार्थ्यांसाठी

स्लाइडच्या इमेज तपासायचं सॉफ्टवेअर, क्यूपाथ, तुम्ही वापरताच, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. हे पत्रक एकाच चुकीसाठी काढलं आहे: खुणेला नाव द्यायचं, पण क्लास, म्हणजे तिचा प्रकार, द्यायचा नाही. नागपुरात धंतोलीतल्या आमच्या टेबलावर ती वारंवार येते, आणि नेमकी प्रबंध सादर करायच्या तोंडावर येते.

मध्यंतरी आलेला एक प्रोजेक्ट सांगतो. स्तनाच्या कर्करोगाच्या स्लाइड, स्टेन की-६७ (विभाजन होत असलेल्या पेशी दाखवणारा). ६२ ॲनोटेशन, म्हणजे इमेजवरच्या खुणा, गाठीच्या कडेकडेने अगदी मन लावून काढलेली. यादीत नावंही होती: ‘ट्यूमर’, ‘ट्युमर २’, ‘टी-३’, ‘स्ट्रोमा डावीकडचा’. क्लास मात्र एकालाही नव्हता. क्लासिफायर, म्हणजे प्रकार आपोआप ओळखणारा भाग, शिकवायला घेतला, तर त्याला शिकायला काही मिळेचना. क्लास नसलेलं ॲनोटेशन तो धरतच नाही. दोन दिवस गेले.

स्लाइडच्या टोकावर तुम्ही केस नंबर वेगळा लिहिता आणि स्टेन वेगळा. इथेही तसंच आहे. नाव त्या एका खुणेचं असतं, ‘हॉटस्पॉट १’ वगैरे. क्लास तिचा प्रकार सांगतो: ट्यूमर, स्ट्रोमा (आधार देणारी ऊती), नेक्रोसिस (मेलेला भाग). ॲनोटेशन निवडा, शेजारच्या यादीतला क्लास निवडा आणि यादीखालच्या बटणाने तो लावा. एकाच प्रकारच्या बऱ्याच खुणा करायच्या असतील तर ‘ऑटो सेट’ चालू ठेवा, नवी खूण क्लास घेऊनच येते. प्रकार बदलताना यादीतला क्लासही बदलायला विसरू नका. आणि क्लासचं स्पेलिंग स्वतः टाइप करू नका. एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडलं तरी सॉफ्टवेअर तो दुसराच क्लास समजतं.

हे इतकं का लावून धरतो? समजा १००० पेशी मोजल्या. त्यांत ट्यूमरच्या ६००, बाकी स्ट्रोमा आणि लिम्फोसाइट. रंग घेतलेल्या २४०, सगळ्या ट्यूमरच्याच. की-६७ यायला हवा ४० टक्के. प्रकार वेगळे केले नाहीत तर छेदात १००० जातात आणि उत्तर येतं २४. आकडा दिसायला ठीकठाक असतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

‘नावं वाचून क्लास तुम्हीच भरा ना,’ असं बरेच जण म्हणतात. नावं एकसारखी असली तर छोट्या स्क्रिप्टने ते आम्ही करूनही देतो. पण ‘टी-३’ म्हणजे ट्यूमर की नुसता तिसरा भाग, हे आम्ही ठरवणार नाही. तो पॅथॉलॉजिस्टचा निर्णय आहे, आमच्या अंदाजाचा विषय नाही. म्हणून अशी फाइल आम्ही परत पाठवतो आणि हाताने दुरुस्ती करावी लागली तर तिचे वेगळे पैसे लावतो. पेशींच्या डिटेक्शनचे, म्हणजे सॉफ्टवेअरने शोधलेल्या पेशींचे, क्लास तुम्ही भरायचे नाहीत, ते आमचं काम.

आणखी एक. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये स्लाइडची इमेज नसते, फक्त तिचा पत्ता असतो. पेनड्राइव्हवर दोन्ही आणा.

आमच्याकडे स्कॅनिंग केलंत तर तुमच्या विषयाचे क्लास आधीच घातलेला प्रोजेक्ट सोबत मिळतो, त्याचे पैसे घेत नाही. पहिल्या स्लाइडवर पाच-सहा खुणा करा आणि तेवढ्याच आम्हाला दाखवा. वर्धा, अमरावतीहून येणाऱ्यांनी यायच्या आदल्या दिवशी कळवलं तर मशीन मोकळं ठेवतो.