किनारी वादळांचे पूर्वानुमान : सागरी व हवामान निरीक्षण

किनाऱ्याकडे येणाऱ्या वादळाचा मार्ग, त्याची तीव्रता आणि त्यामुळे चढणारे पाणी यांचा अंदाज बांधता यावा म्हणून समुद्राची व वातावरणाची स्थिती सतत मोजत राहणारी व्यवस्था. वादळाचा मार्ग मुख्यतः भोवतालच्या मोठ्या वायुप्रवाहांवर ठरतो आणि हे प्रवाह उपग्रहांना बऱ्यापैकी टिपता येत असल्याने गेल्या काही दशकांत मार्गाच्या अंदाजातील चूक सातत्याने घटत गेली. तीव्रतेचा अंदाज मात्र मागे राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को शहरावर धडकलेले ‘ओटिस’ हे वादळ जेमतेम एका दिवसात साध्या उष्णकटिबंधीय वादळापासून सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचले आणि एवढ्या वाढीची पूर्वसूचना लोकांना वेळेत मिळाली नाही.

ही उणीव बऱ्याच अंशी पाण्याखाली आहे. उष्णकटिबंधीय वादळाला साधारणपणे २६.५° से. किंवा त्याहून उबदार पाणी लागते. पण उपग्रहाला दिसते ते केवळ पृष्ठभागाचे तापमान. वाऱ्याने समुद्र घुसळला की खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे उबदार थर पातळ असेल तर वादळाची ऊर्जा तुटते आणि तो खोल असेल तर वादळ बळावत राहते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे व पावसाचे हलके गोडे पाणी वर तरंगत राहून ही घुसळण रोखते. म्हणून तेथे तापमानाइतकीच क्षारताही मोजावी लागते.

हे काम आर्गो या आंतरराष्ट्रीय सागरी निरीक्षण प्रकल्पाचे सुमारे ४,००० तरंगक (समुद्रात सोडलेली स्वयंचलित मापन यंत्रे) करतात. प्रत्येक तरंगक १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो, मग २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान व क्षारता नोंदवून ती माहिती उपग्रहाकडे पाठवतो. ही फेरी दहा दिवसांची असते, तर वादळ पुष्कळदा चार-पाच दिवसांतच जन्मून किनारा गाठते. शिवाय किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हे तरंगक फारसे नसतात. ही पोकळी भरण्यासाठी नांगरून ठेवलेले तरंगक आणि वादळाच्या वाटेवर नेता येणारी स्वयंचलित पाणयाने वापरली जातात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘सेलड्रोन १०४५’ ही मनुष्यविरहित नौका अटलांटिक महासागरातील ‘सॅम’ वादळात शिरली आणि ताशी १९० किमी.हून अधिक वारा व सुमारे १५ मीटर उंचीच्या लाटा सोसत तिने तेथील चित्रीकरण पाठवले. वातावरणाच्या बाजूने विमानातून सोडलेले छत्रीधारी संवेदक खाली येताना दाब, तापमान, आर्द्रता व वारा नोंदवतात.

जीवितहानी मात्र अनेकदा वाऱ्यापेक्षा पाण्यानेच होते. १९७० मध्ये आजच्या बांगलादेशावर आलेल्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः वादळी उधाणामुळे, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढवलेल्या समुद्राच्या पाण्यामुळे. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी सुमारे १ सेंमी.च चढते, खरी उंची येते ती वाऱ्याने उथळ तळावर रेटलेल्या पाण्यामुळे, आणि ते भरतीच्या वेळी पोहोचले तर धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या खोलीचे अचूक नकाशे आणि वीज गेल्यावरही चालू राहणारे भरतीमापक हे या व्यवस्थेचे सर्वांत दुर्लक्षित, तरीही अत्यावश्यक भाग आहेत. यांतील कोणतेही मोजमाप काही तासांच्या आत संगणकीय प्रारूपात पोहोचले नाही, तर चालू वादळाच्या अंदाजासाठी त्याचा उपयोग उरत नाही.