साखर नसेल तर मीठ आत जात नाही

२०२५ च्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, शेजारच्या वहिनींचा साडेतीन वर्षांचा मुलगा लाकडी नंदीबैल ओढत गल्लीभर फिरला, बोजारा (घरोघरचा खाऊ, पैसे) गोळा केला, मिळेल ते खाल्लं. तिसऱ्या दिवशी रात्री वहिनींनी आमचं दार वाजवलं. सकाळपासून उलट्या, दुपारनंतर दहा-बारा वेळा पाण्यासारखं पोट चाललेलं. भाऊ नुकतेच औषधाच्या दुकानातून आले होते. हातात संत्र्याच्या चवीच्या पेयाचा कागदी डबा, त्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं द्रावण. पोरानं ते आवडीनं प्यायलं आणि अर्ध्या तासात पुन्हा धावपळ. पलंगावरून त्यांच्या घरच्या आजी म्हणाल्या, “पानी नको देऊ त्याले. जेवढं देशीन तेवढं भायेर येईन.”

आजी बघत होत्या ते खरंच होतं. त्या डब्यातलं जेवढं पोटात जात होतं तेवढं बाहेर येत होतं. त्यावरून पाणी तोडायचं, हे मात्र चूक. दोष पाण्याचा नव्हता, त्यात ओतलेल्या जादा साखरेचा होता.

पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं आदेश काढला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायचा नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी अनेक वर्षं लढत होत्या. बातमी वाचली आणि ती रात्र आठवली. गोड पाण्याच्या डब्यावर हा शब्द छापणं इतकं गंभीर का, हे समजायला आतड्याच्या भिंतीतलं एक दार ओळखावं लागतं. मला विचाराल तर शरीरात याहून सुंदर दार दुसरं नाही.

आधी हिशेब. लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातलं आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस. एवढ्यातून शौचावाटे जातं फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं परत शोषून घेतं. जुलाब म्हणजे हा हिशेब बिघडणं. म्हणूनच एकट्या आतड्याचा कारभार बिघडला तरी काही तासांत लहान मूल सुकून जातं.

पण आतडं पाणी शोषतं कसं? पाणी ओढणारा पंप शरीरात कुठेही नाही. पाणी मिठामागे जातं. जिकडे सोडियम गेलं तिकडे पाणी. आतड्याच्या अस्तरातल्या प्रत्येक पेशीला दोन बाजू असतात, एक पोकळीकडची, एक रक्ताकडची. रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो दर फेरीत तीन सोडियम पेशीबाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कायम टंचाई असते आणि पोकळीतलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं. त्याला हवं असतं फक्त दार.

त्या दारांपैकी एकाचं नाव एसजीएलटी-१. हे एक प्रथिन आहे. त्यात आधी दोन सोडियम बसतात. ते बसले की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ग्लुकोजसाठी जागा तयार होते. ग्लुकोजचा एक रेणू तिथे बसला की बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि तिघंही पेशीत उतरतात. या दारानं एकटं सोडियम जात नाही, एकटं ग्लुकोजही नाही. गेले तर जोडीनं. मागून पाणी येतंच. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली.

आता कॉलरा काय करतो पाहा. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात. पुढच्या संशोधनात त्याचं काम उलगडलं. हे विष पेशीतला एक प्रथिनी खटका ‘चालू’ स्थितीत अडकवून टाकतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू भरमसाट वाढतो. त्याच्या हुकमानं क्लोराइडच्या वाहिन्या सताड उघडतात, क्लोराइड पोकळीत ओततं, सोडियम त्याच्या मागे, पाणी दोघांच्या मागे. शिवाय मीठ आत घेण्याचा नेहमीचा मार्गही याच रेणूमुळे बंद पडतो. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून कॉलऱ्यात उपयोग होत नाही, आणि नुसत्या साध्या पाण्यानंही नाही. पण एसजीएलटी-१ ला या विषाचा धक्का लागत नाही. सगळा वाडा कोसळत असताना हे एक दार शाबूत असतं, आणि त्याची किल्ली चिमूटभर मीठ व थोडी साखर. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं. त्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून तोट्या लावलेल्या पिंपांतून पाजायला सुरुवात केली. पाजणारे होते रुग्णांचेच नातेवाईक. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजचं सूत्र असं: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. विरघळलेल्या कणांच्या गर्दीला ऑस्मोलॅरिटी म्हणतात. या द्रावणात ती २४५ असते, रक्तात २९० च्या आसपास. द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ म्हणून पाणी रक्ताकडे जातं. फळांच्या डबाबंद रसात किंवा कोलात ही गर्दी सहाशेच्या पुढे जाते. मग उलटं होतं. पातळ करण्यासाठी रक्तातलंच पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. आजींना दिसलेलं ‘जेवढं दिलं तेवढं बाहेर’ ते हेच.

त्या रात्री आमच्या घरची खऱ्या ओआरएसची पुडी नेऊन दिली. वहिनींनी घाईत ती फोडून पेल्यात ओतायला घेतली आणि मी हात धरला. लिटरची साडेवीस ग्रॅमची पुडी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात पडली तर २४५ चे सव्वाबाराशे होतात. लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी घालायची, नाहीतर पेल्याची छोटी पुडी वेगळी मिळते. पुडीवर वाचायचं. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेलच तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ.

पहिला घोट ओकला तेव्हा वहिनी म्हणाल्या, “काही पोटात ठरतच नाही, सलाईनच लावू.” दहा मिनिटं थांबलो. मग मिनिटाला एक चमचा. भिंतीवरचं घड्याळ, स्टीलची वाटी, चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण चमच्याचमच्यानं दिलेलं बहुतेक वेळा ठरतं. पहाटे चारला पोरानं लघवी केली. सलाईनचा आपल्याकडे फार बोलबाला आहे, पण साध्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. जुलाबात जाणारं पोटॅशियम त्यात नसतं. सलाईन हवं ते मूल पिऊच शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तास लघवी नसेल, हाक मारूनही सुस्त पडलं असेल, तेव्हा. अशा वेळी आणि शौचात रक्त दिसलं तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा, आमच्या नागपुरात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं.

मारबतीच्या, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. तो आपल्या नागपूरचा सण आहे, तो राहावा. पण नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळत बसणं, आणि मेळघाटात आजही बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देणं, यात मूल मरतं. ‘दात येताहेत म्हणून जुलाब’ हाही गैरसमज. त्या वयात मूल मिळेल ते तोंडात घालतं, एवढाच संबंध.

विषाणूचा जुलाब तीन ते पाच दिवस का टिकतो? रोटाविषाणू आतड्याच्या बोटांसारख्या उंचवट्यांवरच्या, टोकाकडच्या पेशी मारतो. मुळाशी नव्या पेशी तयार होऊन वर सरकत येतात आणि हा सगळा थर साधारण तेवढ्याच दिवसांत बदलतो. शरीर गालिचा नव्यानं विणत असतं. अँटिबायोटिक विषाणूला लागूच पडत नाही, आणि मोठ्यांची ‘पोट बांधायची’ गोळी लहान मुलाला देणं धोक्याचं. विणकामाला कच्चा माल लागतो, म्हणून उपाशी ठेवायचं नाही. पेज, मऊ खिचडी, केळं, दहीभात. आईचं दूध तर अजिबात तोडायचं नाही. सोबत झिंक, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. रोटाची लस २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आहे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तान्ह्या बाळाचं कार्ड काढून बघा.

आता पसरण्याचं. कोविडनं आपल्याला सॅनिटायझरची सवय लावली. कोविडच्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, ते अल्कोहोलनं फाटतं. नोरोविषाणूला असं आवरणच नाही. तो सॅनिटायझरला फारसा भीक घालत नाही, आणि दोन डझनांहून कमी कणही आजारी पाडायला पुरतात. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. साबण त्याला मारत नाही, चोळून सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. ओकारी पडलेली फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. जुलाब थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास त्या माणसानं दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, पंगतीत वाढायचं तर नाहीच.

दुसरी गोष्ट टुल्लू पंपाची. नागपूरला येणारं पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा क्लोरीनयुक्त आणि दाबाखाली असतं. नळवाहिनीत दाब असेपर्यंत तिच्या भेगांतून पाणी बाहेर झिरपतं, आत काही येत नाही. पण नळाला थेट टुल्लू लावला की दाब उतरतो, कधी उणे होतो, आणि त्याच भेगांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात पावसाळ्यात जमीन तुडुंब भिजलेली. एका घरानं बादली भरली आणि खालच्या चार घरांत पोटं बिघडली, असं होऊ शकतं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात आणखी तीन घरी जुलाब होते. त्यानंतर मी दार वाजवून टुल्लू काढायला सांगत फिरले. दोघांनी काढले.

पोरगा चौथ्या दिवशी अंगणात बैल ओढत होता. वहिनींनी झिंकची पट्टी फ्रिजवर ठेवून दिली होती, “आता बरा आहे ना तो.” अकरा गोळ्या शिल्लक होत्या. त्यांनी पट्टी खाली काढली, चमचाभर पाण्यात एक गोळी विरघळवली आणि त्याच्या मागे धावल्या.