त्रिकोणांचा अजिंक्यतारा म्हणजे घनवाद नव्हे

साताऱ्यातल्या चित्रप्रदर्शनात अजिंक्यताऱ्याचं कोनाकोनांचं निसर्गचित्र दिसलं की खाली ‘घनवादी शैली’ अशी पट्टी हमखास असते. घनवाद म्हणजे क्युबिझम, एकच दृश्य अनेक बाजूंनी एकाच चित्रात मांडणारी शैली. बहुतेकदा ते नुसतं भौमितिक निसर्गचित्र असतं.

भौमितिक पद्धत ओळखीचीच आहे. शहरातून दिसतो तसा किल्ला, सपाट माथा, पायथ्याशी घरं. फक्त आकार पट्टीनं आखलेले. चित्रकार एकाच जागी उभा असतो आणि क्षितिज जागच्या जागी असतं. चित्र देखणंही होतं.

घनवादात ती उभं राहायची एक जागाच सुटते. फ्रेंच चित्रकार ब्राकनं १९०८ मध्ये फ्रान्समधल्या लेस्ताक गावची घरं रंगवली, त्यात आकाश नाही, क्षितिज नाही. घरं एकावर एक चढत जातात आणि उजेड एका दिशेचा राहत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कडा उघड्या राहतात. भिंतीचं प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठभाग, कुठं संपलं नि झाडाचं कुठं सुरू झालं, हे सांगता येत नाही. ब्राकनं हे आधीच्या पिढीतला फ्रेंच चित्रकार सेझान याच्याकडून घेतलं. फ्रान्समधल्या एक्स शहराजवळचा सँत-व्हिक्त्वार डोंगर सेझान आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला होता.

खरा घोळ होतो तो बदलते ऋतू रंगवताना. कॅनव्हासचे चार खण पाडायचे: हिरवा पावसाळा, निळसर हिवाळा, पिवळा उन्हाळा, चौथ्यात कासची फुलं. याला घनवाद म्हटलेलं मला अजिबात सहन होत नाही. प्रत्येक खणात किल्ला त्याच बाजूनं दिसतो, प्रत्येक ऋतू आपापल्या चौकटीत बंद. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या, तेव्हा प्रत्येक वेळेच्या उजेडाला वेगळा कॅनव्हास दिला. चार खणांचं चित्र त्याच्या जवळचं आहे. घनवादी चित्रात जुलैतली ओली हिरवी उतरण मे महिन्यातल्या करपलेल्या गवतात शिरेल, यवतेश्वराच्या डोंगरावरून दिसणारी छपरं नि माहुलीचा संगम एकाच कडेवर भेटतील, आणि कुठला तुकडा कुठल्या ऋतूचा हे शेवटपर्यंत पक्कं ठरणार नाही.

चित्रातली एखादी कड बोटानं धरून पुढं जा. ती फिरून आकार बंद करते की शेजारच्या प्रतलात विरते? सगळ्याच कडा बंद होत असतील, तर ‘घनवादी’ ही पट्टी बदला.

रंगांवरून मात्र काही ठरवू नका. पिकासो-ब्राकची १९१०-११ ची चित्रं तपकिरी-राखाडी आहेत, दलोने या दुसऱ्या घनवादी चित्रकाराची झगझगीत. मला तपकिरीच आवडतात. रंग मागं सरला की कडांचं काम नीट दिसतं.