लाखो ई-मेल कोण वाचणार? प्रेडिक्टिव्ह कोडिंगची पार्श्वभूमी

अमेरिकेत दिवाणी दाव्याची सुनावणी सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांना एकमेकांकडची कागदपत्रे मागवता येतात. हा टप्पा म्हणजे डिस्कव्हरी. कागद खोक्यांत होते तोवर कनिष्ठ वकील ते पानन् पान चाळत. ई-मेल आल्यावर खोकी संपली आणि लाखोंचे आकडे सुरू झाले. २००६ मध्ये संघीय दिवाणी नियमांत दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक माहितीचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. वाचनाचे हे काम भारतापर्यंतही पोहोचले. २००४ मध्ये सुरू झालेल्या पॅन्जिया-थ्री या कायदेविषयक कामे करून देणाऱ्या कंपनीच्या मुंबई कार्यालयात इथले वकील परदेशी दाव्यांची कागदपत्रे तपासत.

ढीग कमी करायला वकिलांनी शब्दशोध धरला, म्हणजे ठरावीक शब्द असलेले कागदच संगणकाकडून शोधून घेणे. पण त्याचे उणेपण १९८५ मध्येच उघड झाले होते. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या अभ्यासकांनी एका खटल्यातल्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवर चाचणी घेतली. उपयोगाच्या कागदांपैकी ७५ टक्के तरी हाती लागले, अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात सापडले होते जेमतेम २० टक्के. कारण साधे होते. वकील ‘अपघात’ शोधत होते आणि प्रतिवादीच्या माणसांनी लिहिले होते ‘दुर्दैवी प्रसंग’, ‘अडचण’. स्वतःच्या चुकीला कोण सरळ नावाने हाक मारतो? माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे, आणि तो पचवायला वकिली व्यवसायाला पाव शतक लागले.

प्रेडिक्टिव्ह कोडिंगची वाट वेगळी. दाव्याची खडान्‌खडा माहिती असलेला वकील काही नमुना कागद वाचून ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असा शेरा देतो. सॉफ्टवेअर त्यावरून शिकते, उरलेले कागद कितपत संबंधित असतील त्यानुसार त्यांना गुण देते. वकील पुन्हा तपासतो, चुका दुरुस्त करतो.

२०११ मध्ये वकील मॉरा ग्रॉसमन आणि संगणकशास्त्रज्ञ गॉर्डन कॉरमॅक यांनी दाखवले की या पद्धतीचे निकाल सगळे कागद माणसांकरवी तपासून घेण्याइतके, किंबहुना सरस येऊ शकतात. तरी कोर्ट मानेल का, या धास्तीने कुणी पुढे होईना. ती कोंडी फुटली २४ फेब्रुवारी २०१२ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. जाहिरात क्षेत्रातल्या पब्लिसिस समूहाविरुद्ध महिला कर्मचाऱ्यांनी लिंगभेदाचा दावा लावला होता. तपासायचे होते सुमारे ३० लाख ई-मेल. मॅजिस्ट्रेट न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी प्रेडिक्टिव्ह कोडिंगला मान्यता दिली. सुरुवातीला २,३९९ कागदांचा यादृच्छिक नमुना, मग शिकवणीच्या सात फेऱ्या, असा आराखडा होता. वादींचा आक्षेप वरिष्ठ न्यायाधीशांनी फेटाळला. २०१६ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही पिरो प्रकरणात हीच वाट धरली.

त्याच वर्षी पेक यांच्यासमोर उलटा प्रश्न आला. वादी पक्षाला सॉफ्टवेअर हवे होते, न्यूयॉर्क शहर प्रशासनाला शब्दशोधच पुरेसा वाटत होता. पेक स्वतः या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते. तरीही त्यांनी सक्ती नाकारली: कागद ज्याचे, ते कसे शोधायचे हे त्यानेच ठरवावे.