मोरबेची वीज : धरण पालिकेचं, तारा दुसऱ्याच्या

नवी मुंबई महापालिकेच्या मोरबे धरणावर १०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प आणि १.५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारायचा प्रस्ताव अलीकडच्या वर्षांत चर्चेत आला. पिण्याच्या पाण्याचं धरण असलेल्या पालिकेला विजेत का उतरावंसं वाटलं, हे समजून घ्यायचं तर आधी खाडी ओलांडून मुंबईत जावं लागतं.

मुंबईतही वीज आधी खासगीच होती. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. ती वीज बनवत नाही. मुख्यतः टाटांकडून घेते आणि शहर भागात विकते. पण मालकी पालिकेची असल्यामुळे विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून काढणं वर्षानुवर्षं शक्य झालं. ते योग्य होतं का, यावर वीजग्राहक आणि बसप्रवासी यांचं एकमत होणं कठीणच. निदान भांडायला घरचं सभागृह तरी होतं.

ठाण्याची गोष्ट वेगळी. इथेही ठाणे इलेक्ट्रिसिटी सप्लाय लिमिटेड नावाची कंपनी होती. (आज तिचं नाव ठाणेकरांपेक्षा करसल्लागारांना जास्त ठाऊक असेल, तेही उच्च न्यायालयाच्या एका गाजलेल्या प्राप्तिकर निकालामुळे.) पण इथलं वीजवाटप पुढे गेलं ते पालिकेकडे नव्हे, तर राज्य वीज मंडळाकडे. ठाणे महापालिका झाली १९८२ साली, नवी मुंबईची १९९२ पासून; मंडळ मात्र १९६० पासून होतं. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. म्हणजे रस्त्यावरचे दिवे पालिकेचे, बिल महावितरणचं. २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळव्याचं वाटप फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने, टोरंट या खासगी कंपनीकडे आहे.

२०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप-मुलुंडपासून ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरणपर्यंत समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज वाटायची परवानगी, मागितला आणि ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी संपावर गेले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर संप त्याच दिवशी मिटला. त्या सगळ्या वादात प्रश्न होता तो सरकारी कंपनी की खासगी. पालिकेची वीज हा पर्याय कुणाच्या तोंडी फारसा आला नाही.

पालिकांच्या हाती उरले ते बांधकाम परवानगीतले सौर बंबाचे नियम, स्वतःच्या इमारतींची छतं आणि पाणी. ठाण्याने कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात सूर्याच्या उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा बसवून पाहिली. नवी मुंबईकडे याहून मोठं काही होतं. जीवन प्राधिकरणाकडून घेतलेलं, खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे. गंमत म्हणजे टाटांचं १९१५ सालचं खोपोलीचं जलविद्युत केंद्रही याच तालुक्यात. तिथे घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली झेपावतं. मोरबेला असा कडा नाही, म्हणून जलविद्युत दीड मेगावॉटवर थांबते आणि खरा भर उन्हावर येतो.

१०० मेगावॉटला शंभरेक हेक्टर पाणी लागेल, असा ढोबळ हिशोब आहे. उन्हाळ्यात जलाशय आटतो, त्यामुळे पॅनल बांधायचे ते कमी पातळीचं पाणी धरून. वाफ कमी होईल हा फायदा खरा, पण सगळ्यात अवघड भाग तिथे नाही. खालापूरची वीज बेलापूरच्या दिव्यांपर्यंत न्यायची तर महापारेषण (उच्चदाबाने वीज वाहून नेणारी सरकारी कंपनी) आणि महावितरणच्या ताराच वापरायच्या, आणि वीज नियामक आयोगाने ठरवलेला वहन आकार, म्हणजे तारा वापरण्याचं भाडं, द्यायचा. क्रॉस सबसिडी अधिभार (मोठा ग्राहक बाहेरून वीज घेतो तेव्हा वितरण कंपनीला भरपाई म्हणून द्यायची रक्कम) टाळायचा असेल, तर प्रकल्प 'कॅप्टिव्ह', म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा, ठरावा लागतो. २००५ च्या नियमांनुसार त्यासाठी वापरणाऱ्याची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यानेच वापरायला हवी. ठेकेदार कंपनीला सगळा प्रकल्प बांधा-वापरा तत्त्वावर देऊन टाकला, तर धरण पालिकेचं असूनही ही सवलत हातची जाते.